चौथी बाटली

बुधवारी सकाळी मरुंदीश्वराच्या तळ्यात चारशे बारा मासे मरून तरंगत होते. चिलापी दोनशे छप्पन्न, रोहू सत्त्याण्णव, कटला एकोणसाठ. मरळ एकही नाही.

मोजणी बारावीच्या मुलींनी केली. टोपल्यांनी मासे काठावर काढायचे काम त्यांच्याकडे आले होते आणि कुंदवै टीचर म्हणाली होती, "काढताच आहात तर मोजून काढा. प्रकारानुसार वेगळे."

"टीचर, मेल्यावरही यांची हजेरी?" नाकाला ओढणी लावून सुडर म्हणाली. वर्गातली ही सगळ्यात ठेंगणी आणि सगळ्यात तोंडाळ मुलगी.

"गैरहजर कोण ते कळायला हजेरी घ्यावीच लागते," कुंदवै म्हणाली.

कुंदवै रसायनशास्त्र शिकवायची. एम.एस्सी. होऊन कीळमरुदूरला देवस्थानच्या मुलींच्या शाळेत लागून तिला जेमतेम वर्ष झाले होते. तामिळनाडूतल्या तिरुवारूर जिल्ह्यात अशी गावे पुष्कळ आहेत, जिथे देऊळ, वेदपाठशाळा, शाळा, वसतिगृह सगळे एकाच देवस्थानचे असते आणि एकाच धर्मकर्त्याच्या, म्हणजे विश्वस्ताच्या, शब्दाने चालते. कीळमरुदूरही तसेच. मरुंदीश्वर म्हणजे औषधांचा स्वामी. आपले दुखणे मनात धरायचे, गूळ तळ्यात सोडायचा. गूळ विरघळतो तसे दुखणे विरघळते, अशी गावाची श्रद्धा. आडी या जुलै-ऑगस्टात येणाऱ्या तमिळ महिन्यातल्या मंगळवारी तर पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. कालचा मंगळवार आडीतलाच होता.

मासे काढेपर्यंत पायऱ्यांवर गर्दी जमली. कुणीतरी हळूच बोलले, मग कुणीतरी मोठ्याने बोलले.

"होणारच होतं! तळ्याच्या उत्तरेला भिंतीला भिंत लावून पोरींचं वसतिगृह. वयात आलेल्या पोरी. महिन्याचे चारही दिवस तिथंच. कपडे तिथंच धुतात. अंबाळदेवीच्या तळ्याला विटाळ होणार नाही तर काय होणार?"

टोपली धरलेल्या मुलींचे हात थांबले. त्यांतली पूंगोदै तेवढी थांबली नाही. तिने आपली टोपली रिकामी केली आणि पुन्हा पाण्याकडे वळली. पण तिचे कान लाल झाले होते.

दुपारी धर्मकर्ते वैत्तिलिंगम पिळ्ळै शाळेच्या कार्यालयात आले. पांढरे धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज नेहमीपेक्षा खाली. माणूस वाईट नव्हता. वसतिगृहाचे स्वयंपाकघर त्यांनीच दारोदार फिरून उभे केले होते. मुलींना सांबारात भाज्या कमी पडल्या तर आचाऱ्याला तेच झापत. पण आज ते घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस घाईने निर्णय घेतो.

"आडी पूरम आठ दिवसांवर आला," ते म्हणाले. "अंबाळचा उत्सव, आणि तळं असं. गाव मला विचारतंय. या महिनाअखेर वसतिगृह बंद. मुलींनी घरून यावं-जावं."

"अय्या, निम्म्या मुली पन्नास-साठ किलोमीटरवरून आलेल्या आहेत," कुंदवै म्हणाली. "घरून कशा येणार?"

"मग घराजवळच्या शाळेत जावं."

"घराजवळ शाळा असती तर त्या इथे आल्या असत्या का?"

पिळ्ळै उठले. त्यांनी छत्री उचलली.

वाचकहो, असे निर्णय आपण सगळ्यांनीच ऐकलेले असतात. 'घरून यावं-जावं' एवढे तीन शब्द. कुणाला ते साधे वाटतात. पूंगोदैला त्यांचा अर्थ नीट ठाऊक होता. ती वेदारण्यमच्या पलीकडची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. वर्ग सुटल्यावर ती कुंदवैजवळ आली.

"टीचर, मी घरी गेले की पोंगलनंतर तै महिन्यात मामाशी लग्न. आमच्यात रीतच आहे. ठरलंय. अठरा पूर्ण होतील तेव्हा. आई म्हणते, बारावी होईपर्यंत तो थांबेल, पण शाळा सुटली तर कशाला थांबेल?"

"मामा कसा आहे?"

"वाईट नाही हो. पण त्याला माझ्यापेक्षा त्याचा टेम्पो जास्त आवडतो. रोज दोनदा धुतो. मला नर्सिंगला जायचंय." मग ती म्हणाली, "खरंच आमच्यामुळे मेले का मासे?"

 कुंदवैला 'नाही' म्हणणे सोपे होते, पण तिला ते अजून माहीत नव्हते. तिच्या डोक्यात सकाळपासून एकच गोष्ट घोळत होती. मरळ. तळ्यात मरळ भरपूर होते, आणि त्यातले एकही मेले नव्हते!

"सुडर!" ती एकदम ओरडली. "मरळ पाण्यावर येऊन काय करतो?"

"तोंड वासतो, टीचर. आमच्या आजोबांसारखा."

"कशाला?"

"हवा गिळायला." सुडरचे डोळे मोठे झाले. "बाकीच्यांना गिळता येत नाही!"

"विष असतं तर मरळही मेला असता. हे मासे विषानं मेलेले नाहीत. गुदमरून मेलेत. चला, पाणी घेऊन या, बुचाच्या बाटलीतून, बुडबुडा न ठेवता!"

प्रयोगशाळेचे कपाट उघडले तेव्हा ब्युरेटवर मागच्या सरस्वतीपूजेचे चंदन-कुंकू तसेच होते. वर्षातून एकदा पूजा व्हायची, वापर मात्र कधीमधीच. सुडरने ब्युरेट पुसले आणि त्याला हात जोडून म्हणाली, "माफ कर बाबा, आज तुला काम आहे." मुली हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

तळ्याच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू निघाला लिटरला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. रोहूला जगायला निदान चार-पाच लागतो.

"मग प्राणवायू गेला कुठे?" पूंगोदैने विचारले.

हा प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर कुंदवैला सुचले होते, पण नुसते सांगून गाव ऐकणार नव्हते. गावाला दाखवावे लागणार होते.

गुरुवारी सकाळी ती मुलींना घेऊन मंदिराच्या बाहेरच्या मंडपात गेली. पिळ्ळै तिथे उत्सवाची आखणी करत बसले होते. शेजारी त्यांची बायको धनम्माळ इतर बायकांबरोबर हिरवे मूग निवडत होती. खांबाला टेकून सोमास्कंद गुरुक्कळ बसले होते. चाळीस वर्षे अंबाळची पूजा करणारे, बोलायला कंजूष असे वृद्ध पुजारी.

"अय्या, एक दिवस द्या," कुंदवै म्हणाली. "फक्त एक. तुमच्यासमोर बाटल्या भरते, तुम्हीच कुलूप लावा, किल्ली तुमच्याजवळ ठेवा. उद्या उघडू. त्यात आमचा दोष निघाला तर मी स्वतः मुलींच्या पेट्या बांधून देईन."

"आणि निघाला नाही तर?"

"तर तुम्ही ठरवा."

पिळ्ळै घुटमळले. गुरुक्कळ पहिल्यांदा बोलले. "वैद्याच्या दारात बसलोय आपण. आणि तपासणीला नाही म्हणायचं?"

झाले! लिटरच्या तीन बाटल्या कालव्याच्या ताज्या, वाहत्या पाण्याने भरल्या. पहिलीत नुसते पाणी. दुसरीत वसतिगृहाच्या मोरीचे पाणी, तळ्यात मिसळते त्या प्रमाणात. तिसरीत गूळ.

"गूळ?" पिळ्ळै ताठ झाले. "देवाच्या गुळावर संशय घेतेस?"

"संशय आमच्यावरही घेतलाय, अय्या. दुसरी बाटली आमचीच आहे. सगळ्यांची तपासणी सारखी."

गुळाचे प्रमाण मुलींनी आदल्या संध्याकाळी काढले होते. तळे पन्नास मीटर लांब, चाळीस रुंद, सरासरी दोन मीटर खोल. मंगळवारी दुकानांतून गेलेला गूळ चार क्विंटल. म्हणजे एका लिटरला तांदळाच्या चार दाण्यांएवढा तुकडा.

तो तुकडा बोटाच्या टोकावर घेऊन पिळ्ळै हसले. "एवढ्याशानं मासा मरतो होय? मुंगी तरी मरेल का?"

"उद्या बघू."

कुंदवै बुचे लावू लागली तेवढ्यात मागून आवाज आला.

"टीचर, चौथी बाटली पण हवी."

पूंगोदै पुढे आली. 

"लोक मोरीबद्दल बोलत नाहीयेत. आमच्याबद्दल बोलतायत. मग तेच तपासा ना. माझा आज दुसरा दिवस आहे. चौथ्या बाटलीत कालव्याचंच पाणी घ्या, आणि मी त्यात हात बुडवते."

 मूग निवडणाऱ्या बायकांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. पिळ्ळै मान वळवून दुसरीकडे पाहू लागले. एक बाई पुटपुटली, "काय बाई ही पोर! चारचौघांत!"

"चारचौघांतच तर बोलत होतात काल तुम्ही," सुडर म्हणाली, आणि कुंदवैने तिला कोपराने ढोसले.

धनम्माळने सूप खाली ठेवले. "भर गं तिची बाटली," ती कुंदवैला म्हणाली. "मीही बघते."

बादलीत कालव्याचे पाणी होते. पूंगोदैने मनगटापर्यंत हात बुडवला, सावकाश दहा आकडे मोजले, आणि त्याच पाण्याने चौथी बाटली काठोकाठ भरली गेली. चारही बाटल्या प्रयोगशाळेच्या कपाटात, अंधारात. कुलूप पिळ्ळैंनी लावले. किल्ली त्यांनी कमरेला खोचली.

त्या दिवशी वर्गात कुणाचेच लक्ष लागले नाही, कुंदवैचेही नाही. प्रयोग फसला तर? बुचातून हवा शिरली तर? आणि मोरीचीच बाटली दोषी निघाली तर? तिने शब्द दिला होता. पूंगोदै मात्र इडलीचा दुसरा घाणा मागून घेत होती. "उद्या घरी जायचं असलं तर आज पोटभर जेवते," ती म्हणाली, आणि मग तिचे तिलाच रडू आले.

शुक्रवारी सकाळी मंडपात जवळजवळ अख्खे गाव होते. बाटल्या आणल्या. पिळ्ळैंनी बुचे तपासली, मान डोलावली.

"यात मी दोन औषधं घालणार," कुंदवै म्हणाली. "पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ पडेल. नसेल तर पांढरा. मी काही बोलणार नाही. तुम्हीच रंग बघा."

पहिली बाटली. थेंब पडले, बाटली उलटसुलट हलवली. दाट तपकिरी, चिंचेच्या कोळासारखी! मुलींनी श्वास सोडला.

दुसरी, मोरीची. तपकिरी, पण फिकट.

"हे बघा!" पिळ्ळै पुढे झुकले. "हे फिकं आहे! म्हणजे दोष आहे!"

"आहे," कुंदवै सरळ म्हणाली. "थोडा आहे. साबणाचं पाणी चांगलं नसतंच. ते आम्ही आजपासून तळ्यात जाऊ देणार नाही, मागच्या कर्दळीच्या वाफ्यात वळवू. पण मासे जगतील एवढा प्राणवायू यात अजून आहे."

पिळ्ळै मागे सरकले. इतक्या सहज कबुली मिळेल असे त्यांना वाटले नव्हते.

तिसरी बाटली. थेंब पडले. सगळ्यांच्या माना लांब झाल्या.

पांढरा! खोबऱ्याच्या दुधासारखा शुभ्र गाळ हळूहळू खाली बसू लागला. तपकिरीची एक रेघसुद्धा नाही!

"तांदळाच्या चार दाण्यांएवढा होता ना गूळ?" कुणीतरी मागून विचारले.

"तेवढाच," पिळ्ळैंच्या तोंडून आपसूक निघाले.

आणि चौथी.  थेंब, बूच, हलवणे. ती बाटली कुंदवैने पहिलीच्या शेजारी ठेवली.

तपकिरी! दाट तपकिरी! पहिलीसारखीच!

"अय्या, या दोघींतली पूंगोदैची कुठली ते सांगा बघू," सुडर ओरडली. "जरा डोळे मिटा, मी अदलाबदल करते."

पिळ्ळैंनी डोळे मिटले, मग उघडून दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या. खूप वेळ पाहिल्या. त्यांना ओळखता आली नाही.

"पण गूळ मासे कसे मारेल?" ते हळूच म्हणाले. आता तो वाद नव्हता, प्रश्न होता.

"गूळ नाही मारत, अय्या. गुळाची पंगत मारते. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. गोड मिळालं की लग्नाला वऱ्हाड यावं तसे ते वाढतात. लाखांचे कोटी होतात. खातात आणि श्वास घेतात. सगळी हवा तेच ओढतात. घरच्या माशांना उरत नाही."

"आमच्या आज्यांपासून गूळ सोडतोय. तेव्हा नाही मेले?"

याचे उत्तर गुरुक्कळांनी दिले. ते खांबाचा आधार घेत उठले.

"तुझी आजी घरून चिमूटभर गूळ पदराला बांधून आणायची, वैत्ति. मी पाहिलंय. तेव्हा तळ्यात कालव्याचं पाणी एका बाजूनं यायचं, दुसऱ्या बाजूनं जायचं. आता त्या पाटावर दुकानं बसलीत, आणि गूळ पोत्यानं येतो. श्रद्धा तीच आहे. आपला हात मोठा झालाय आणि तळं लहान."

"पण नवस, सामी..."

"दुखणं विरघळावं एवढंच देवाला सांगायचं असतं. कशात विरघळावं हे कुठल्या आगमात लिहिलंय? घंगाळभर पाण्यात विरघळलेला गूळ देवाला दिसत नाही का?" मग ते मूग निवडणाऱ्या बायकांकडे वळले. त्यांचा आवाज चढला. चाळीस वर्षांत तो कुणी असा ऐकला नव्हता. "आणि दुसरं सांगतो. बुधवारी आडी पूरम. काय करतो आपण त्या दिवशी? अंबाळ वयात आली म्हणून तिला बांगड्या भरतो. मोड आलेले मूग तिच्या कमरेला बांधतो. तोच प्रसाद म्हणून घरोघरी नेतो, लेकीसुनांच्या ओटीत घालतो. अंबाळ वयात आली तर उत्सव! आणि तिच्या भिंतीला लागून राहणाऱ्या पोरी वयात आल्या तर विटाळ? अरे, कुणाची पूजा करतो आपण?"

 मग धनम्माळ बोलली, नवऱ्याकडे पाहतच.

"माझ्या गुडघ्यांसाठी तुम्ही मंगळवारी अख्खं पोतं ओतलंत. मी म्हटलं होतं, एक खडा पुरे. तर म्हणालात, धर्मकर्त्याच्या घरचा नवस, एका खड्यानं शोभत नाही! गुडघा आहे तिथंच आहे. मासे मात्र गेले. आणि त्याचं पाप या लेकरांच्या डोक्यावर टाकायला निघालात!"

हशा पिकला असता, पण पिळ्ळैंचा चेहरा पाहून कुणी हसले नाही. ते पूंगोदैसमोर येऊन उभे राहिले. दोन्ही हात जोडलेले.

"चुकलो, अम्मा," ते म्हणाले. "पोतं माझं, आणि शिक्षा तुला देत होतो."

पूंगोदैला काय करावे कळेना. तिने एकदम वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग सरळ उभी राहून म्हणाली, "अय्या, मग मी बारावी इथंच करू ना?"

"बारावी काय, नर्सिंगला जाईपर्यंत इथंच राहा! तुझ्या मामाला मी स्वतः पत्र लिहितो."

"पत्र नको. त्याला टेम्पोचा नवा हॉर्न पाठवा, खूश होईल," सुडर म्हणाली, आणि या वेळी मात्र सगळा मंडप हसला. पिळ्ळैही हसले.

त्याच दिवशी पायऱ्यांवर तांब्याची मोठी घंगाळे आली. भाविकाने तळ्याचे पाणी आपल्या हाताने घंगाळात घ्यायचे, दुखणे मनात धरायचे, एक खडा विरघळवायचा. संध्याकाळी ते पाणी देवस्थानच्या केळीच्या बागेत जाई. पहिला खडा पिळ्ळैंनी सोडला, फक्त सुपारीएवढा. काही जुनी माणसे कुरकुरली; गुरुक्कळ स्वतः घंगाळाशेजारी उभे राहून मंत्र म्हणू लागले, तेव्हा तीही रांगेत आली. पाटावरची दुकाने हलवायला वेळ लागला, भांडणेही झाली. पण पाट मोकळा झाला. आडी पूरमला अंबाळच्या कमरेचे मोडाचे मूग सोडले, तेव्हा धनम्माळने पहिली ओंजळ वसतिगृहाच्या मुलींच्या ओटीत घातली. पूंगोदैची ओटी सगळ्यांत आधी भरली.

बंधुभगिनींनो, श्रद्धा आणि तपासणी यांचे भांडण लावण्याची आपल्याला फार घाई असते. खरे तर आपल्यावर आळ आला की आपण सोपा अपराधी शोधतो, आणि सोपा अपराधी बहुधा बोलू न शकणारा असतो. पुढच्या वेळी असा आळ कुणा मुलीवर, कुणा शेजाऱ्यावर टाकण्याआधी एक बाटली आपल्या स्वतःच्या हातून भरून पाहू या. देव तपासणीला घाबरत नाही. आपणही घाबरायला नको!

आडीनंतरच्या आवणी महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी, मंगळवारची गर्दी ओसरल्यावर, सकाळी सहाला पूंगोदैने तळ्याच्या मध्यातून पाणी काढले. विरघळलेला प्राणवायू, अर्धा मीटर खोलीवर: लिटरला ५.६ मिलिग्रॅम.